धर्मनिष्ठ ड्यूक अर्न्स्ट आणि त्याचें गोथा नगर

जर्मनी देशाच्या मध्यभागीं थुरिंगिया नांवाचा प्रांत आहे. त्याच्या दक्षिणेस दाट अरण्यानें झांकलेली डोंगरांची एक रांग असून, त्या रांगेच्या उत्तरेस सुपीक शेतांमध्यें गोथा नांवाचें लहानसें नगर वसलेलें आहे. इ. स. ७७५ मध्यें फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन ह्यानें करून दिलेल्या एका सनदेंत ह्या गांवाचें नांव प्रथम आढळतें. गांवाजवळ मोठी नदी नाहीं. म्हणून चौदाव्या शतकांत डोंगरांतून लांब पाट काढून तेथें पाणी आणण्यांत आलें. गांवाला लागूनच एक टेंकडी आहे, आणि तिच्यावर तीन बाजूंनीं बांधलेला, दोन टोंकांस दोन मनोरे असलेला एक अतिविशाल राजवाडा उभा आहे. त्याचें नांव फ्रीडेनश्टाईन, म्हणजे शांतीचा पाषाण. हें नांव ज्यानें दिलें त्या ड्यूक अर्न्स्टचें चरित्र आज आपणांस सांगावयाचें आहे. ड्यूक ही युरोपांतील संस्थानिकांची एक मोठी पदवी होय.

ह्याच टेंकडीवर पूर्वीं ग्रिमेनश्टाईन नांवाचा एक बळकट किल्ला होता. त्या नांवांतच क्रोधाचा व भयाचा अर्थ आहे, आणि त्याचा शेवटही तसाच झाला. अर्न्स्टच्या आजोबांचा वडील भाऊ योहान फ्रीडरिख हा तेथें राज्य करीत असतां, बादशहानें बहिष्कृत ठरविलेल्या ग्रुमबाख नांवाच्या एका बंडखोर सरदारास त्यानें आश्रय दिला. तेव्हां बादशहाच्या हुकुमानें सैन्य चालून आलें, गोथास वेढा पडला, आणि इ. स. १५६७ मध्यें नगर शरण गेलें. ग्रुमबाख ह्यास गोथाच्या बाजारपेठेंत मोठ्या क्रूरपणें ठार मारण्यांत आलें. किल्ला जमीनदोस्त करण्यांत आला, व स्वतः राजा कैद होऊन अठ्ठावीस वर्षें बंदिवासांत राहिला आणि तेथेंच मरण पावला. त्यानंतर सुमारें पाऊणशें वर्षें ती टेंकडी भग्नावशेषांनीं भरलेली होती. एका माणसाच्या हट्टानें सबंध नगराचें काय होतें, हें गोथाच्या लोकांस रोज मान वर केली कीं दिसत असे.

अर्न्स्टचा जन्म इ. स. १६०१ च्या डिसेंबर महिन्याच्या २५ व्या तारखेस, म्हणजे नाताळाच्या दिवशीं, आल्टेनबुर्ग येथें झाला. त्याचा बाप योहान हा साक्स-वायमार संस्थानचा ड्यूक होता. मार्टिन ल्यूथरचा पाठीराखा जो इलेक्टर योहान फ्रीडरिख, तो अर्न्स्टचा पणजोबा. आणि धर्मसुधारणेच्या मतासाठीं त्या पणजोबानें आपलें राज्य व स्वातंत्र्य गमाविलें होतें. अर्न्स्ट चार वर्षांचाही झाला नव्हता तोंच त्याचा बाप वारला. घरांत मुलगे पुष्कळ, आणि त्यांस वाढविण्याचा सर्व भार आई डोरोथेआ मारिया हिजवर पडला. ही बाई मोठी विदुषी व देवभिरू होती. त्या काळीं वोल्फगांग राट्के नांवाचा एक शिक्षणशास्त्री असें प्रतिपादन करीत असे कीं, मुलांस प्रथम त्यांच्या मातृभाषेंत शिकवावें, अर्थ समजल्यावांचून पाठ करण्यास लावूं नये, आणि सोप्याकडून कठिणाकडे क्रमाक्रमानें न्यावें. त्या दिवसांत शाळा म्हणजे लॅटिन भाषेची घोकंपट्टी व छडी, अशीच सर्वत्र समजूत असल्यामुळें पुष्कळ विद्वान त्यास हंसत. परंतु डोरोथेआ मारिया हिनें त्यास आश्रय दिला, इतकेंच नव्हे तर स्वतः विद्यार्थिनी होऊन त्याजपासून ती लॅटिन शिकली. इ. स. १६१७ मध्यें ती मरण पावली, तेव्हां अर्न्स्टला सोळावें वर्ष चालू होतें. आईनें पेरलेलें बीं पुढें कोठें व कसें उगवलें, हें आपण पाहणारच आहों.

आईच्या मरणानंतर एकाच वर्षानें युरोपांत तें भयंकर तीस वर्षांचें युद्ध पेटलें. रोमन कॅथलिक व प्रॉटेस्टंट ह्या पक्षांचा कलह म्हणून तें सुरू झालें. परंतु पुढें राजांचा लोभ, सरदारांची महत्त्वाकांक्षा आणि भाडोत्री शिपायांची लूट हींच त्याचीं खरीं कारणें होऊन बसलीं. अर्न्स्टचे भाऊ एकामागून एक रणांगणावर गेले. सर्वांत धाकटा भाऊ बेर्नहार्ड हा तर त्या युद्धांतील अत्यंत नामांकित सेनापतींपैकीं एक झाला. इ. स. १६३१ मध्यें स्वीडनचा राजा गुस्ताव आडॉल्फ ह्याच्या सैन्यांत अर्न्स्टही कर्नल म्हणून दाखल झाला. दुसऱ्या वर्षीं ल्युट्झेनच्या मैदानावर ज्या लढाईंत तो राजा पडला, त्या लढाईंत अर्न्स्ट हजर होता. पुढें जिंकलेल्या वुर्झबुर्ग प्रांताचा कारभार कांहीं काळ त्याजकडे देण्यांत आला. तेथील बहुतेक प्रजा रोमन कॅथलिक होती. तरी तिजवर सूड न उगवितां त्यानें न्यायानें व व्यवस्थेनें कारभार चालविला.

इ. स. १६३४ मध्यें नर्डलिंगेन येथें प्रॉटेस्टंट पक्षाचा मोठा पराभव झाला. त्यानंतर बेर्नहार्ड फ्रान्सच्या पैशावर लढत राहिला. अर्न्स्टनें मात्र तरवार म्यान केली आणि १६३५ मध्यें प्राग येथें झालेला तह मान्य केला. कित्येकांनीं त्यास त्या वेळीं दोष दिला असेल. परंतु युद्धानें कोणता धर्म वाढतो आणि कोणता बुडतो हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें होतें. बेर्नहार्ड १६३९ मध्यें ऐन पस्तिशींत मरण पावला, व त्यानें जिंकलेला मुलूख परक्यांच्या हातीं गेला. अर्न्स्टनें १६३६ मध्यें आल्टेनबुर्गच्या राजघराण्यांतील एलिझाबेथ सोफी हिच्याशीं विवाह केला. देवानें त्यांस अठरा मुलें दिलीं. परंतु त्यांपैकीं कितीएक लहानपणींच निवर्तलीं. अशा रीतीनें राजवाड्यांतही शोक वारंवार येत असे.

इ. स. १६४० मध्यें भावाभावांत वांटणी होऊन गोथाचें संस्थान अर्न्स्टच्या वांट्यास आलें. कसलें संस्थान तें! बावीस वर्षांच्या युद्धानें गांवेंच्या गांवें ओसाड पडलीं होतीं. आज बादशहाचें सैन्य यावें व धान्य न्यावें, उद्यां स्वीडनचें यावें व गुरें न्यावीं, असा क्रम चालला होता. शेतांत गवत माजलें होतें, रोगराईनें घरें रिकामीं झालीं होतीं, आणि कित्येक ठिकाणीं देवळांत पाळक नव्हता व शाळेंत शिक्षक नव्हता. नव्या ड्यूकला राहावयास वाडाही नव्हता. म्हणून गोथाच्या बाजारपेठेंतील व्यापाऱ्यांच्या इमारतींत त्यानें आपलें बिऱ्हाड केलें व तेथूनच सहा वर्षें कारभार पाहिला. हीच इमारत आज नगरगृह म्हणून उभी आहे.

आतां येथें, वाचकहो, त्यानें कोणतें काम आधीं केलें व कोणतें मागून केलें, ह्याकडे नीट लक्ष द्यावें. इ. स. १६४१ मध्यें त्यानें सर्व मंडळ्यांची व शाळांची तपासणी सुरू केली, आणि ती १६४५ पर्यंत चालली. सालोमोन ग्लासियस नांवाचा विद्वान धर्मगुरु ह्या कामीं प्रमुख होता. तपासणीस गेलेल्या मंडळींस असें आढळून आलें कीं, देवळांत नियमानें बसणाऱ्या कित्येक लोकांस आपल्या विश्वासाच्या अगदीं मूळ गोष्टीही सांगतां येत नाहींत. नांवाचें ख्रिस्तीपण होतें, समज नव्हती. त्याच सालीं अर्न्स्टच्या देखरेखीखालीं टीपांसह तयार झालेलें मोठें जर्मन पवित्र शास्त्र न्यूर्नबेर्ग येथें छापून निघालें. परंतु ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस छापील पुस्तकाचा काय उपयोग? म्हणून १६४२ मध्यें शाळांचा तो प्रसिद्ध कायदा बाहेर पडला.

गोथा येथें धर्मसुधारक फ्रीडरिख मिकोनियस ह्यानें १५२४ मध्यें स्थापिलेली एक मोठी शाळा होती. तिचा मुख्य अध्यापक आंद्रेआस रायहर ह्याजकडून अर्न्स्टनें हा शाळापद्धतीचा ग्रंथ तयार करविला. त्यांतील नियम असे होते कीं, मुलगा असो वा मुलगी असो, खेड्यांतील असो वा नगरांतील असो, पांच वर्षें झालेल्या प्रत्येक मुलानें शाळेंत गेलेंच पाहिजे. न पाठविणाऱ्या आईबापांस दंड होई. एकाच शाळेंत मुलांचे वयाप्रमाणें व समजुतीप्रमाणें तीन वर्ग करावे. वाचन, लेखन, हिशेब, गायन व ख्रिस्ती धर्माचीं प्रश्नोत्तरें शिकवावीं. आणि जें डोळ्यांना दाखवितां येईल तें दाखवून शिकवावें, असें शिक्षकांस सांगण्यांत आलें होतें. पुढें १६५७ मध्यें रायहरनें मुलांसाठीं आणखी एक पुस्तक केलें. त्यांत सृष्टींतील पदार्थ, मोजमाप, देशाचा व मंडळीचा कारभार आणि घरसंसाराचे नियम हे विषय सोप्या जर्मन भाषेंत दिले होते. नांगर धरणाऱ्याच्या मुलास असलें ज्ञान कशास पाहिजे, असें म्हणणारे लोक त्या काळीं थोडे नव्हते. तथापि अर्न्स्टची आई ज्या शिक्षणशास्त्र्यापासून शिकली, त्याचेंच बीं आतां खेड्याखेड्यांत रुजूं लागलें.

असा नियम प्रथम अर्न्स्टनेंच केला असें मात्र नाहीं. १६१९ मध्यें वायमार येथें तशाच अर्थाचा हुकूम निघाला होता. परंतु युद्धाच्या गर्दींत तो बहुतेक कागदावरच राहिला. अर्न्स्टचें वैशिष्ट्य हें कीं, त्यानें नियम केला, पुस्तकें छापवून शाळांस पुरविलीं, शिक्षक तयार करविले, तपासनीस पाठविले, आणि मरेपर्यंत त्याचा पाठपुरावा सोडला नाहीं. त्याचें फळ असें झालें कीं, ड्यूक अर्न्स्टचे शेतकरी इतर देशांतील सरदारांपेक्षां अधिक शिकलेले आहेत, अशी म्हण जर्मनींत पडली. म्हणींत अतिशयोक्ति असते हें खरें. पण उगीच कोणाविषयीं म्हण पडत नाहीं.

शाळांचा कायदा १६४२ सालचा. राजवाड्याचा पाया घातला गेला तो १६४३ च्या आक्टोबर महिन्याच्या २६ व्या तारखेस. म्हणजे शेतकऱ्यांच्या मुलांची व्यवस्था आधीं, आणि राजाचें घर मागून. युद्ध अद्यापि संपलें नव्हतें. तहाला आणखी पांच वर्षें होतीं, आणि सैन्यें थुरिंगियांतून जातच होतीं. अशा वेळीं त्या जुन्या क्रोधाच्या किल्ल्याच्या जागीं त्यानें नवी इमारत आरंभिली व तिला शांतीचें नांव दिलें. मुख्य दरवाजावर त्यानें दगडांत एक चित्र कोरविलें: न्याय व शांति ह्या दोन स्त्रिया एकमेकींचें चुंबन घेत आहेत. पंचायशींवें स्तोत्र ज्यांनीं वाचलें आहे त्यांस ह्याचा अर्थ सांगावयास नको.

हें बांधकाम १६५४ पर्यंत चाललें. आंद्रेआस रूडोल्फ नांवाचा बांधकामदार त्यावर देखरेख करीत असे. राजाच्या कुटुंबाच्या खोल्या, कचेऱ्या, न्यायसभा, टांकसाळ, शस्त्रागार, दप्तरखाना, ग्रंथालय आणि १६४६ मध्यें समर्पित केलेलें मंदिर हीं सर्व एकाच छपराखालीं आणण्यांत आलीं. ज्या घरांत राजा जेवतो त्याच घरांत त्यानें न्याय द्यावा व त्याच घरांत प्रार्थना करावी, अशी ती योजना होती. भिंती साध्या ठेवण्यांत आल्या. डौलापेक्षां उपयोगाकडे लक्ष अधिक होतें. तरीसुद्धां अर्न्स्ट भोळा नव्हता. शांतीचें नांव दिलेल्या वाड्याभोंवतीं पुढें त्यानें जाड तट बांधविले व त्यांच्या पोटांत भुयारें केलीं. कारण लुटारू सैन्य कसें येतें हें त्यास ठाऊक होतें. अठराव्या शतकांत ते तट पाडण्यांत येऊन त्या जागीं बागा झाल्या. भुयारें मात्र आजही पाहावयास मिळतात.

माणसें पारखून घेण्याची अर्न्स्टला चांगली हातोटी होती. फाईट लुडविग फोन झेकेनडोर्फ नांवाच्या एका मुलाच्या बापास स्वीडनच्या सैन्यानें १६४२ मध्यें देहांत शिक्षा दिली होती. त्या पोरक्या मुलास अर्न्स्टनें जवळ केलें, शिकविलें, आणि आपल्या ग्रंथालयाचें काम दिलें. पुढें तोच त्याचा मोठा मंत्री झाला, व एखादें लहान राज्य कसें चालवावें ह्याविषयीं त्यानें १६५६ मध्यें लिहिलेला ग्रंथ जर्मनींत अनेक वर्षें प्रमाण मानला जात होता.

दुसरा विद्वान हियोब लुडोल्फ. हा आफ्रिकेंतील अबिसिनिया, म्हणजे हल्लींचा इथिओपिया, येथील भाषांचा अभ्यासक होता. त्या देशांत प्राचीन काळापासून ख्रिस्ती मंडळी आहे. तेथील अब्बा ग्रेगोरियोस नांवाचा एक धर्मगुरु रोम शहरीं राहत असे. अर्न्स्टनें त्यास १६५२ मध्यें आमंत्रण देऊन आपल्या वाड्यांत बोलाविलें, आणि त्याच्या देशांतील विश्वास, उपासना व चालीरीति ह्यांविषयीं आदरानें विचारपूस केली. एका काळ्या वर्णाच्या धर्मगुरूस जर्मन राजानें गुरूप्रमाणें मान देऊन प्रश्न विचारावे, ही त्या काळीं साधी गोष्ट नव्हती. लुडोल्फनें त्याच्या साह्यानें इथिओपियाच्या भाषांचीं व्याकरणें व कोश तयार केले. १६६३ मध्यें अर्न्स्टनें वान्सलेबेन नांवाच्या तरुणास त्या देशाकडे पाठविलें. परंतु तो मिसर देशाच्या पलीकडे गेलाच नाहीं. पुढें रोमला जाऊन तो रोमन कॅथलिक झाला, आणि सर्व खर्च व आशा वायां गेली. ग्रेगोरियोसही त्यापूर्वींच मायदेशीं परत जात असतां जहाज फुटून समुद्रांत बुडाला होता. सत्कार्यास आरंभ केला म्हणजे तें आपल्या डोळ्यांदेखत तडीस जातेंच असें नाहीं.

अर्न्स्टमध्यें दोष नव्हते असें कोणीं समजूं नये. त्याची शिस्त कडक होती, आणि प्रजेच्या घरांतील लहानसहान गोष्टींतही त्याचे हुकूम शिरत. शाळेंत न गेलेल्या प्रौढ माणसांसही धर्माचीं प्रश्नोत्तरें शिकण्यास त्यानें भाग पाडलें. पिकल्या केंसांच्या शेतकऱ्यांस पोरांसारखें उत्तर देण्यास उभें राहावें लागे, तेव्हां त्यांस तें फार झोंबे. लोक त्यास थट्टेनें प्रार्थना करणारा अर्न्स्ट असें म्हणत. हुकुमानें माणसास देवळांत आणतां येतें, पण अंतःकरण हुकुमानें वळत नाहीं, ही गोष्ट ह्या चांगल्या राजाच्या ध्यानांत पुरती आली नव्हती असें म्हणावें लागतें. तथापि जो नियम तो दुसऱ्यांस लावी, तो स्वतःसही लावी. त्याचें राहणें साधें असून दिवसाचा आरंभ व शेवट कुटुंबासह प्रार्थनेनें होत असे. म्हणून थट्टेचें नांव हळूहळू मागें पडलें, आणि इतिहासांत तो धर्मनिष्ठ अर्न्स्ट ह्या नांवानेंच ओळखला जातो.

म्हातारपणीं आल्टेनबुर्गचें बहुतेक राज्यही १६७२ मध्यें वारशानें त्याजकडे आलें. परंतु त्याची प्रकृति खालावत चालली होती. मृत्यूच्या आदल्या वर्षीं त्यानें कारभार वडील मुलगा फ्रीडरिख ह्याच्या हातीं दिला. १६७५ च्या मार्च महिन्याच्या २६ व्या तारखेस फ्रीडेनश्टाईन वाड्यांतच त्यास देवाज्ञा झाली. गोथाच्या बाजारपेठेजवळील मार्गारेटा मंदिरांत त्याचें शरीर पुरलेलें आहे.

आपल्या सातही मुलांनीं एकत्र राहावें, अशी त्याची इच्छा होती. कांहीं वर्षें त्यांनीं तसा प्रयत्न केला; परंतु तें निभलें नाहीं. १६८० मध्यें राज्याचे सात तुकडे झाले, आणि बापानें आयुष्यभर जोडलेलें संस्थान पांच वर्षांतच विभागलें गेलें. एका मुलाच्या वंशांत पुढें कोबुर्गचे ड्यूक झाले. त्याच वंशांतील राजपुत्र आल्बर्ट हा इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिचा पति होय.

राज्य विभागलें, पण शाळा टिकल्या. त्यांचें फळ कोठवर पोहोंचलें तें पाहा. १६६६ मध्यें अर्न्स्टनें ल्यूबेक येथील एका कायदेपंडितास आपल्या नोकरींत बोलाविलें. त्याच्या बरोबर तीन वर्षांचा त्याचा मुलगा गोथास आला. बाप चार वर्षांनींच वारला. मुलगा तेथेंच वाढला, व रायहरनें नांवारूपास आणलेल्या शाळेंत कांहीं काळ शिकला. ह्या मुलाचें नांव औगुस्ट हेर्मान फ्रांके. पुढें ह्यानेंच हाले नगरांत गरिबांच्या मुलांसाठीं शाळा व प्रसिद्ध अनाथालय स्थापिलें. डेन्मार्कच्या राजानें हिंदुस्थानांत सुवार्तिक पाठविण्याचें ठरविलें, तेव्हां हालेशीं संबंध असलेले त्सीगेनबाल्ग व प्ल्यूचाऊ हे दोघे तरुण पुढें झाले, आणि १७०६ मध्यें तामिळ प्रांतांतील तरंगंबाडी येथें उतरले. आपल्या देशांतील प्रॉटेस्टंट मिशनचा आरंभ तो हाच. त्यांनीं तेथें आधीं काय केलें? लोकांची भाषा शिकली, मुलांसाठीं शाळा काढल्या, आणि नवा करार तामिळ भाषेंत छापला. गोथाच्या ड्यूकनें आपल्या खेड्यांत जो क्रम धरिला होता, तोच हा क्रम.

१९१८ मध्यें जर्मनींतील राजे पदच्युत झाले, त्यांत गोथाचा ड्यूकही होता. दुसऱ्या महायुद्धानंतर वाड्यांतील पुष्कळ ग्रंथ व चित्रें रशियांत नेण्यांत आलीं, व पुढें त्यांपैकीं बहुतेक परत आलीं. आज फ्रीडेनश्टाईन वाड्यांत कोणी राजा राहत नाहीं. तेथें संग्रहालय आहे, आणि अर्न्स्टनें स्थापिलेलें ग्रंथालय देशोदेशींच्या अभ्यासकांसाठीं उघडें आहे. दरवाजावरील न्याय व शांति ह्यांची भेट मात्र अजून तशीच आहे.

वाचकहो, आपल्यापैकीं कोणास वाडा बांधावयाचा नाहीं. परंतु दुष्काळानंतर, रोगराईनंतर किंवा गांवांतील भांडणानंतर मोडलेली मंडळी पुन्हा उभी करण्याचा प्रसंग प्रत्येक उपदेशकावर व पंचावर येतो. अशा वेळीं देवळाचें छप्पर आधीं कीं मुलांची शाळा आधीं, हा प्रश्न पुढें येतो, आणि गांवाचा कल बहुधा छपराकडे असतो. असा विचार चालू असतां, बाजारांतल्या बिऱ्हाडांत बसून शेतकऱ्यांच्या मुलामुलींसाठीं नियम लिहविणाऱ्या ह्या राजाची आठवण व्हावी, एवढ्यासाठींच हें चरित्र येथें दिलें आहे.